बचत गटाच्या बायकांचा माल बुटीकमध्ये ठेवताना

ताई, तुम्ही विचारलंत की बचत गटांतल्या बायकांनी शिवलेले कपडे 'विकले तर पैसे' या बोलीवर ठेवावेत का. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. ठाण्यात नौपाड्याला मी छोटं बुटीक चालवते आणि शिलाईचे पैसे माल हातात आला की देते. ज्या बाईने कापड, अस्तर, बटणं पदरच्या पैशाने आणली, तिने दिवाळीपर्यंत थांबायचं कशासाठी? विक्रीची जोखीम दुकानाने घ्यावी, कारण भाव आपण ठरवतो.

काहीजणी म्हणतात की मोठ्या मापाचे कपडे पडून राहतात. माझ्याकडे उलट आहे, तेच आधी संपतात. फक्त शिवतानाच विचार हवा. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असतो, मोठ्या मापाला बाजूने जोड लागतोच. तो इरकली काठाचा दिला तर मुद्दाम केल्यासारखा शोभतो. सुती कापड बेतण्याआधी भिजवून घ्या आणि शिलाईत दाब, म्हणजे आतलं जास्तीचं कापड, भरपूर सोडायला सांगा. बाळंतपणानंतर तोच कुर्ता उसवून सैल करून देता येतो, आणि अशी बाई पुढच्या वेळी बहिणीला घेऊन येते.

जीएसटीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के, त्याहून महाग असेल तर १८ टक्के. भरतकामाच्या कपड्यांचा भाव लावताना हे आधी बघा.

गट शोधायचे असतील तर महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे माविमच्या जिल्हा कार्यालयात विचारा.