विंडोज ११ वर चालणारं वायफाय स्कॅनर कोणतं? जुनं नेटस्टम्बलर चालेना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेचं वायफाय मी बघतो, पगारी नाही, आवड म्हणून. २४ खुर्च्या आहेत, बहुतेक पोरं एमपीएससीची तयारी करणारी, आणि रविवारी सकाळी ऑनलाइन टेस्ट सिरीज असते तेव्हा नेमकी मागच्या लोखंडी कपाटाजवळची रेंज जाते. पेपर मध्येच अडकला की त्या पोरांचे चेहरे बघवत नाहीत.

आत्तापर्यंत माझ्याकडे एक्सपीवाला जुना लॅपटॉप होता, त्यावर नेटस्टम्बलर. लॅपटॉप डाव्या हातावर धरायचा, एकेका खुर्चीपाशी थांबत पुढे जायचं, हिरव्या रेघा खाली आल्या की समजायचं इथे गडबड आहे, शिवाय ते सिग्नलप्रमाणे आवाज काढायचं त्यामुळे सारखं स्क्रीनकडे बघायला लागायचं नाही. गेल्या महिन्यात त्याचा मदरबोर्ड उडाला, आता वाचनालयाने नवा लॅपटॉप घेतलाय, विंडोज ११, त्याची २४एच२ ही आवृत्ती.

नेटस्टम्बलर त्यावर टाकलं, उघडतं पण वायरलेस कार्डच सापडत नाही म्हणतं. कम्पॅटिबिलिटी मोड, ॲडमिन म्हणून रन, सगळं करून झालं. मग वायफायइन्फोव्ह्यू हे दुसरं स्कॅनर उतरवलं, ते चालू होतं पण यादी कोरी. आणि खाली टास्कबारवर वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की आजूबाजूची सगळी नेटवर्कं दिसतात, म्हणजे कार्ड तर ठीक आहे ना? ड्रायव्हर दोनदा टाकून बघितला. फोनवरचं ॲप लावलं तर आकडा हलतच नाही, मी पार कपाटापाशी जाऊन उभा राहिलो तरी दारातलाच आकडा.

मला फार काही नको, जवळची नेटवर्कं, चॅनल, डीबीएममधला (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) सिग्नल आणि चालताना दिसेल असा आलेख. फुकट असेल तर फार बरं. लिनक्स टाका म्हणू नका कृपया, त्याच लॅपटॉपवर ग्रंथपाल मॅडम पुस्तकांच्या नोंदी करतात.

प्रतिसाद १

कार्ड ठीकच आहे, ड्रायव्हरला आता हात लावू नका. ही दोन वेगळी दुखणी आहेत. नेटस्टम्बलरची शेवटची आवृत्ती २००४ची, ते एक्सपीच्या काळातल्या ड्रायव्हरशी बोलायचं, व्हिस्टापासून विंडोजमधली वायफायची सगळी व्यवस्थाच बदलली, त्यामुळे त्याचा नाद सोडा.

कोऱ्या यादीचं कारण परवानगी. २४एच२ पासून आजूबाजूच्या राउटरांची यादी मागणाऱ्या प्रोग्रामला लोकेशनची परवानगी लागते, कारण राउटरांच्या बीएसएसआयडीवरून, म्हणजे प्रत्येकाच्या वेगळ्या ओळख क्रमांकावरून, माणूस कुठे आहे ते काढता येतं. खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच डब्ल्यूलॅन शो नेटवर्क्स मोड=बीएसएसआयडी चालवा, लोकेशन बंद असेल तर ते सरळ तसं सांगेल. मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन इथे जाऊन लोकेशन सर्व्हिसेस चालू करा आणि त्याच पानावर खाली डेस्कटॉप ॲप्सचं वेगळं बटण आहे तेही चालू करा, हे दुसरं बरेच जण विसरतात.

आलेख आणि आवाज दोन्ही हवं असेल तर व्हिस्टम्बलर घ्या, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि नेटस्टम्बलर व्हिस्टावर चालेना म्हणूनच लोकांनी त्याच्याकडे मोर्चा वळवला होता. ते वरच्या त्या नेटएसएच कमांडचाच आधार घेतं, म्हणजे परवानगी त्यालाही लागणार.

प्रतिसाद २

फोनचं मी सांगते. अँड्रॉइड ९ पासून ॲपला २ मिनिटांत ४ वेळाच स्कॅन करता येतो, मधल्या वेळात जुनाच आकडा दिसत राहतो. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग असेल तर ते बंद करा, मग आकडा हलेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! तेच निघालं, डेस्कटॉप ॲप्सचं बटण बंद होतं, ते चालू केलं आणि वायफायइन्फोव्ह्यूची यादी भरभरून आली. व्हिस्टम्बलरही टाकलं, काल रात्री अभ्यासिका बंद झाल्यावर आवाज लावून सगळ्या खुर्च्या फिरलो. दारात उणे ५८ डीबीएम, कपाटामागे उणे ८३ (उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर), म्हणजे कपाट मधे येतंय हे नक्की. आणि आपलं राउटर चॅनल ८ वर बसलंय, शेजारचे ६ आणि ११ वर, चॅनल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आणि प्रत्येकाची रुंदी २० मेगाहर्ट्झ, मग दोन्हीकडून गोंगाट येणारच. १ वर कोणीच नव्हतं म्हणून तिकडे टाकलं. कपाट हलवायला चार माणसं लागतील, शनिवारी पोरांनाच बोलावलंय, रविवारचा पेपर झाला की त्या कोपऱ्यातला आकडा इथे लिहितो.