'पुलिंग माय लेग' म्हणजे पाय ओढणं का?

वेलांटी:
एका इंग्रजी संवादात 'यू आर पुलिंग माय लेग' आलंय. मराठीत 'तू माझे पाय ओढतोयस' ठेवलं तर चालेल का? आणि हे कामाच्या ईमेलमध्ये वापरतात का?

अनुस्वार:
नाही चालणार, अर्थच बिघडेल. आपल्याकडे पाय ओढणारा माणूस दुसऱ्याला वर चढू देत नाही, त्यात मत्सर असतो. इंग्रजीतला नुसती गंमत करतो. गंभीर चेहऱ्याने थाप मारायची, समोरच्याला क्षणभर खरं वाटू द्यायचं, मग हसायचं. मराठीत याला नेमका शब्द आहे 'फिरकी घेणे'. 'फिरकी घेतोयस ना माझी?' असं करा. 'शेंडी लावणे' नको, त्यात फसवणूक येते. तिच्यासाठी इंग्रजीत 'पुल अ फास्ट वन' आहे.

तळटीप:
थोडं व्याकरण. एकाच माणसाची फिरकी असेल तर 'लेग' एकवचनीच, 'पुलिंग माय लेग्ज' चूक. 'पुलिंग द लेग ऑफ रवी' हेही कानाला खटकतं, 'पुलिंग रवीज लेग' म्हणा. बहुतेकदा चालू काळातच येतं.

आपण मात्र 'लेग-पुलिंग' भलतीकडेच वापरतो. कुणाच्या नव्या हेअरकटवरून सगळे त्याची टेर खेचतात, त्याला ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस 'टीझिंग' म्हणेल. थापच नाही, तर लेग कसला ओढणार?

ईमेलचं म्हणाल तर ओळखीच्या सहकाऱ्याला ठीक. ग्राहकाला किंवा वरिष्ठांना नको. आवाजातलं हसू लिखाणात दिसत नाही, 'तुम्ही खोटं बोलताय' असाच सूर लागतो.

अनुस्वार:
फाशी दिलेल्याचे पाय ओढायचे, त्यावरून हे आलं, ही गोष्ट नेटवर फार फिरते. पुरावा काही नाही. प्रयोग 19व्या शतकातला आहे, एवढं धरून चाला.

वेलांटी:
आभार! पण पुढची ओळ आहे 'पुल द अदर वन, इट्स गॉट बेल्स ऑन'. इथे फिरकी कशी बसवू?

तळटीप:
बसवूच नका. हे ठेवणीतलं ब्रिटिश उत्तर आहे: दुसरा पाय ओढ, त्याला घंटा बांधल्यात. म्हणजे थाप पचलेली नाही. 'हो का? जा, दुसऱ्या कुणाला तरी सांग!' एवढं पुरे. घंटा जातात, जाऊ द्या.