भर बैठकीत चूक दाखवली आणि चिनी पुरवठादाराचे उत्तरच थांबले : 'चेहरा' म्हणजे नेमके काय?

उद्यमबागकर

सर्वांना नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत आमचे लहानसे मशीन शॉप आहे आणि गेली दोन वर्षे आम्ही चीनमधल्या निंगबो शहरातील एका पुरवठादाराकडून काही सुटे भाग मागवतो. गेल्या महिन्यात आलेल्या मालाचे बोअर, म्हणजे भागांमधील भोके, मापात नव्हते. व्हिडिओ बैठकीत त्यांचे मोठे साहेब आणि हाताखालची चार माणसे बसलेली असताना मी गेज (माप तपासायचे साधन) कॅमेऱ्यासमोर धरला आणि आमच्याशी नेहमी बोलणाऱ्या व्यवस्थापकाला सरळ विचारले, "हे तपासून सही कोणी केली?" तो हसला आणि गप्प बसला. पूर्वी तासाभरात उत्तर देणारा तो माणूस तेव्हापासून "आम्ही विचार करतो" एवढेच लिहून पाठवतो. वडील म्हणाले, "माल चुकला होता हे खरे, पण तू चारचौघांत त्याचे नाक कापलेस." चिनी लोकांत ज्याला 'चेहरा' म्हणतात तो आपल्या अब्रूसारखाच असतो का, आणि झाले ते आता सावरता येईल का?

निपाणीचा व्यापारी

दादा, तुमचे वडील बरोबर बोलले. मी ग्वांगझौच्या व्यापार मेळ्याला अनेकदा गेलो आहे. हा मेळा 1957 पासून भरतो आणि वर्षातून दोनदा असतो. तिथे मी जे पहिल्यांदा शिकलो ते हे की "विचार करतो", "पाहू" ही उत्तरे बहुतेक वेळा नकाराचीच असतात, कारण तोंडावर "नाही" म्हटले तर समोरच्याचाही मान जातो आणि आपलाही. तो हसला ते तुम्हाला हिणवण्यासाठी नव्हे. ओशाळलेला माणूसही तिथे असाच हसतो.

चूक दाखवू नये असे कोणीही म्हणणार नाही, मात्र ती त्याच्या साहेबांसमोर आणि हाताखालच्या माणसांसमोर दाखवल्यामुळे त्याला मागे सरकायला वाटच उरली नाही. आता त्याला एकट्याला निरोप पाठवा. मापाचा आकडा स्पष्ट लिहा, पण "आमच्या ड्रॉइंगमधील टॉलरन्सची (मापात चालणाऱ्या फरकाची) नोंद नीट वाचता येत नसावी, ती आम्ही पुन्हा पाठवतो" अशी एक फट ठेवा. तुमची त्याच्याशी ओळख ज्याने करून दिली त्याला मध्ये घालता आले तर फारच उत्तम. मध्यस्थ असला की दोघांपैकी कोणालाच वाकावे लागत नाही.

खानापूरची शिक्षिका

मी समाजशास्त्र शिकवते, म्हणून मूळ प्रश्नाकडे वळते. चिनी भाषेत यासाठी दोन शब्द आहेत, 'ल्येन' आणि 'म्येन्झ', आणि दोन्हींचा शब्दशः अर्थ चेहरा असाच होतो. हू श्येन-चिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1944 मध्ये या दोहोंतला फरक मांडला. यश, पद, पैसा, ओळखीपाळखी यांतून मिळणारी प्रतिष्ठा म्हणजे 'म्येन्झ', तर माणूस सचोटीने वागेल असा समाजाला त्याच्याविषयी जो विश्वास असतो तो 'ल्येन'. आपण "जनाची नाही तर मनाची तरी" म्हणतो तेव्हा याच्या जवळपास पोचतो, पण पूर्ण नाही, कारण 'ल्येन' मनात टोचतो हे खरे असले तरी तो देणारे आणि काढून घेणारेही लोकच असतात. "बू याओ ल्येन", म्हणजे 'याला चेहरा नकोच आहे', ही तिथली जिव्हारी लागणारी शिवी आहे. एखाद्याला 'म्येन्झ' नाही असे म्हटले तर तो फार तर अपयशी किंवा बिनवजनाचा ठरतो.

अब्रूशी तुलना करताना मला मोठा फरक जाणवतो तो असा की आपल्याकडे अब्रू राखायची असते किंवा ती जाते, 'म्येन्झ' मात्र देता येतो, वाढवता येतो आणि दुसऱ्यासाठी खर्चही करता येतो. आपण "माझ्याकडे बघून तरी याला सोडा" म्हणतो, तसेच तेही "माझा म्येन्झ पाहून" असे म्हणतात, आणि ज्याच्या शब्दाखातर काम झाले त्याच्यावर ते उपकाराचे ऋण चढते. त्या ऋणाला ते 'रेनछिंग' म्हणतात. आपल्या भागात याच्या सर्वांत जवळचे काही असेल तर ते लग्नातले मानपान आणि आहेर. कोणी कोणाला काय नेसवले हे दोन्ही घरे वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात, आणि ज्याला फेटा बांधायचा राहिला तो मामा पुढच्या कार्याला येत नाही. आपले कानडी शेजारी 'मान मर्यादे' म्हणतात, त्यात 'ल्येन' आणि 'म्येन्झ' हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात असे मला वाटते.

चिकोडी, सध्या पुणे

ताईंच्या म्हणण्यात एक भर घालतो. मी चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले. वर्गात शिक्षकांनी "शंका आहे का?" विचारले की कोणी हात वर करत नसे आणि तास संपल्यावर तीच मुले शिक्षकांच्या टेबलाभोवती गोळा होत. पण खोलीत, घरच्यासारख्या मित्रांमध्ये, ती एकमेकांना काहीही सुनावत. तैवानचे मानसशास्त्रज्ञ ह्वांग क्वांग-क्वो यांनी 1987 मध्ये लिहिले आहे की चेहरा आणि उपकार यांचा खेळ मुख्यतः मधल्या नात्यांत चालतो, म्हणजे जिथे माणूस घरचाही नसतो आणि निव्वळ परकाही नसतो. दोन वर्षांच्या व्यवहारातला पुरवठादार नेमका तिथे बसतो.

उद्यमबागकर

सर्वांचे मनापासून आभार. मी त्याला एकट्याला निरोप पाठवला आणि ड्रॉइंग पुन्हा दिले. मध्ये तीन दिवस गेले. आज त्याने नव्या मालाच्या प्रत्येक पेटीतील एका भागावर गेज लावून काढलेली छायाचित्रे पाठवली आहेत. मागच्या मालाबद्दल एक अक्षरही नाही. त्याचे आभार त्याला एकट्यालाच लिहू, की सर्वांच्या ग्रुपमध्ये?

निपाणीचा व्यापारी

ग्रुपमध्येच लिहा दादा, त्याचे साहेब त्यात असतील असे पाहून. आणि मागच्या मालाचा विषय तुम्हीही काढू नका.