मदत हवी आहे: ऋणकोचे पैसे तिसऱ्याकडे अडकलेत. ते सांगायला तो बांधील आहे का?

नमस्कार मंडळी. वडिलांनी केलेल्या सुतारकामाचे पैसे एका ठेकेदाराने बुडवले. दावा लावला, हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) आमच्या बाजूने झाला, आता दरखास्त, म्हणजे त्याच्या वसुलीचं काम, चालू आहे. ठेकेदाराचं, म्हणजे आमच्या ऋणकोचं (देणेकऱ्याचं), एकच पालुपद: माझ्या नावावर काही नाही.

पण एका बांधकाम कंपनीकडून त्याची बिलं निघायची आहेत, आणि त्याची काँक्रीट मिक्सर यंत्रं एका ओळखीच्याच्या गोदामात उभी आहेत. कंपनीला रीतसर पत्र लिहून विचारलं, त्याचं किती देणं लागता? उत्तर आलं, 'कोर्टाचा आदेश आणा.' गोदामवाला फोनच घेत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मधला नियम ४६-अ वाचला. १९७६ च्या दुरुस्तीने आलेला. त्यात कोर्ट अशा तिसऱ्याला, म्हणजे गार्निशीला, नोटीस काढतं: देणं असेल तर कोर्टात भर, नाहीतर हजर होऊन कारण सांग. अर्जाला मात्र शपथपत्र लागतं. आकडा माहीत नसताना शपथेवर काय लिहू? वडील म्हणतात, एक अक्षरही खोटं नको, आणि मलाही तेच वाटतं. तोवर कंपनीने गुपचूप त्याला पैसे दिले तर?

प्रतिसाद

दरखास्तीची बरीच कामं केली आहेत, म्हणून लिहितो. तुमच्या खासगी पत्राला उत्तर देण्याचं बंधन कंपनीवर नाही. बंधन येतं ते कोर्टाने विचारल्यावर.

त्यासाठी आदेश २१ मधलाच नियम ४१ बघा. तो फक्त ऋणकोसाठी आहे अशी समजूत असते, पण त्यात 'इतर कोणतीही व्यक्ती' हेही शब्द आहेत. ऋणकोला कोणाकडून येणं आहे, हे कोर्ट त्या व्यक्तीला तोंडी विचारू शकतं, हिशेबाची कागदपत्रं हजर करायला लावू शकतं. कंपनीच्या लेखा विभागातला माणूस बोलवा.

शपथपत्रात देणं आहे अशी तुमची समजूत आणि तिचा आधार लिहायचा: कुठल्या साइटवर काम झालं, तुम्हाला कसं कळलं. माहीत नसलेला आकडा टाकू नका, वडिलांचं अगदी बरोबर आहे.

पण पहिलं काम नियम ४६ खालचा मनाई आदेश: कंपनीने ते पैसे ऋणकोला देऊ नयेत. त्यानेच देण्याची जप्ती होते. एकदा जप्ती झाली की संहितेच्या कलम ६४ नुसार ऋणकोला दिलेले पैसे तुमच्या हक्कापुरते निरर्थक ठरतात. यंत्रांनाही नियम ४६ च लागतो, ४६-अ नाही. तो फक्त देण्यासाठी आहे. ती यंत्रं ऋणकोला परत देऊ नका, असा आदेश गोदामवाल्यावर निघतो.

नोटीस मिळूनही कंपनी आली नाही, पैसेही भरले नाहीत, तर ४६-ब खाली तिच्यावर आदेश होतो आणि त्याची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखी होते. तिने देणंच नाकारलं तर ४६-क खाली तो मुद्दा चौकशीने ठरतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. उद्याच वकिलांशी बोलतो. एकच राहिलं: 'बिल अजून मंजूर नाही' असं कंपनी म्हणाली तर?

प्रतिसाद

काम झालं, रक्कम ठरली, फक्त तारीख पुढची असेल, तर ते देणंच. रक्कमच ठरली नसेल तर अडचण. म्हणून नियम ४१ च्या अर्जात मोजमाप पुस्तिका नावानिशी मागा. कुठलं काम किती मोजलं हे तिथे लिहिलेलं असतं.