वाई ते जोर : कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात ग्रॅव्हल सायकलसाठी कोणते रस्ते घ्यावेत?

मुळाकाठ

सर्वांना नमस्कार. गेली सहा वर्षे मी पुणे आणि परिसरात रोड सायकल चालवत आहे. यंदा पावसाळा संपत आला तेव्हा ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल घेतली, कारण महामार्गाच्या कडेने जीव मुठीत धरून जाण्याचा मला खरोखर कंटाळा आला आहे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात थोरल्या बहिणीसह दोन दिवस वाईला मुक्काम करून धोम जलाशयाच्या वरच्या अंगाचे कृष्णेचे खोरे पाहावे, असा विचार आहे. बहिणीचे वय बावन्न आहे. ती नियमित सायकल चालवते, मात्र डांबर सोडून फारशी कधी गेलेली नाही.

नकाशावर पाहिले तर वाईहून धोम, तेथून बलकवडी आणि पुढे जोरपर्यंत रस्ता दिसतो. जोरच्या मागे लगेच महाबळेश्वरचे पठार असल्यामुळे तेथून वर चढून पाचगणी आणि पसरणी घाटाने वाईला उतरावे आणि एक पूर्ण फेरी साधावी, असे मनात आले. ही फेरी सायकलवरून जमण्यासारखी आहे का, या भागात मातीचे आणि मुरमाचे रस्ते नेमके कोठे मिळतील, आणि ४० मिलिमीटरचे टायर पुरेसे होतील का, हे ज्यांनी तो भाग प्रत्यक्ष पाहिला आहे त्यांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

वाईकर

नमस्कार. माझे घर वाईतच आहे आणि या खोऱ्यात मी वर्षभर सायकल चालवतो, म्हणून फेरीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. जोरहून महाबळेश्वरला सायकल चालवत जाता येत नाही. खोरे तेथे संपते आणि समोर सरळ कडा उभा राहतो. वर जाणारी वाट पायी माणसाची आहे, ती दाट जंगलातून जाते, तेथे गव्यांचा वावर आहे, आणि सायकल खांद्यावर घेऊन तो चढ चढण्यात दिवस तर जाईलच, शिवाय सोबत डांबराबाहेर न गेलेली व्यक्ती असताना तो धोका मुळीच पत्करू नये. फेरी पूर्ण झालीच पाहिजे हा आग्रह सोडून दिलात, तर हे खोरे फार सुंदर आहे. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत येताना उजेड बदललेला असतो आणि सकाळी पाठीमागे राहिलेले डोंगर संध्याकाळी समोर येतात.

खोऱ्याची रचना समजून घेतली की मार्ग ठरवणे सोपे जाते. धोमच्या वरच्या बाजूला एक नाही, दोन खोरी आहेत. महाबळेश्वर आणि कोळेश्वर यांच्या मधून येते ती कृष्णा, जिच्या उगमाकडचे शेवटचे मोठे गाव जोर. आणि कोळेश्वर व रायरेश्वर यांच्या मधून येते ती वाळकी, जिच्या खोऱ्यात आत जांभळी हे गाव आहे. दोन्ही खोऱ्यांच्या मधल्या सोंडेवर कमळगड उभा आहे. तो सतत एका हाताला दिसत राहतो आणि आपण कोठवर आलो हे त्याच्यावरून कळते. एका दिवसात दोन्ही खोरी करण्याचा मोह होतो, पण तुम्ही एकच निवडा, आणि पहिल्यांदा येत असाल तर कृष्णेचे निवडा. जाऊन-येऊन साठ-पासष्ट किलोमीटर होतील असे धरून चाला.

आता मातीच्या रस्त्यांविषयी. जोरकडे जाणारा मुख्य रस्ता बहुतेक डांबरी आहे. काही तुकडे पावसाने उखडतात आणि पुन्हा होतात, त्यामुळे त्याला खऱ्या अर्थाने ग्रॅव्हल म्हणता येणार नाही. खरा मुरमाचा रस्ता हवा असेल तर तो दोन ठिकाणी मिळतो. एक, गावागावांना शेतांशी जोडणाऱ्या पाणंदी. आणि दुसरा, धोम धरणातून निघणाऱ्या डाव्या आणि उजव्या कालव्यांच्या कडेचे सेवारस्ते. मला विचाराल तर कालव्याच्या रस्त्यासारखा ग्रॅव्हल सायकलचा आनंद या तालुक्यात दुसरा नाही. पाणी संथ उतारानेच वाहायला हवे म्हणून कालवा डोंगराच्या अंगाअंगाने वळणे घेत जातो, त्यामुळे चढ-उतार जवळजवळ नसतो. एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला ऊस, हळद आणि ज्वारी असते, आणि दहा-बारा किलोमीटर एखादी दुचाकी सोडली तर कोणी भेटत नाही.

मात्र तो रस्ता जलसंपदा विभागाने आपल्या कामासाठी बांधलेला आहे, सहलीसाठी नाही, हे लक्षात ठेवावे. काही ठिकाणी आडवा बार टाकलेला असतो. तेथे पाटकरी, म्हणजे कालव्याचे पाणी सांभाळणारा माणूस भेटला तर थांबून, नमस्कार करून पुढे जाऊ का हे विचारावे. मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. दुसरे असे की, कालव्याला आवर्तन, म्हणजे सिंचनाच्या पाण्याची पाळी, सुटले आहे की नाही ते निघण्यापूर्वी वाईत कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. आवर्तन चालू असले की चाऱ्यांच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटांच्या तोंडाशी पाणी झिरपते आणि तांबडा मुरूम लोण्यासारखा होतो. मागच्या वर्षी अशाच एका चारीपाशी माझे पुढचे चाक हातभर सरकले आणि मी सायकलसह कालव्याच्या अगदी काठावर जाऊन थांबलो. अस्तरीकरण केलेल्या कालव्याची बाजू शेवाळाने निसरडी असते आणि आत पडलेल्या माणसाला बाहेर येता येत नाही. त्या दिवसापासून आवर्तन असताना मी पाण्याकडची चाकोरी सोडून शेताकडच्या चाकोरीनेच जातो, तुम्हीही तसेच करावे.

डिसेंबर उत्तम आहे. जलाशय तेव्हा बराच भरलेला असतो आणि हवा स्वच्छ असते. त्या दिवसांत ऊसतोड चालू असल्यामुळे वाईच्या खालच्या अंगाला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर भेटतील, त्यांना पूर्ण वाट द्या. खोरे खोल असल्यामुळे सूर्य डोंगराआड लवकर जातो, म्हणून जोरहून दुपारी दोनच्या आत परत फिरावे. धोमच्या पुढे फोनला रेंज मिळेल याची खात्री नाही आणि खानावळीही नाहीत. एखाद्या घरी विचारले तर पिठले-भाकरी मिळते, पण आधी सांगावे लागते.

आणि एक विनंती. पहाटे निघालात तर मेणवलीच्या घाटावर दहा मिनिटे थांबा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या त्या घाटावर छोट्या देवळात एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती असून १७०७ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेनंतर ती इकडे आली. नदीवर धुके असताना तो घाट पाहिलेला माणूस तो विसरत नाही.

खडीवाट

वाईकरांनी मार्ग उत्तम सांगितला आहे, मी फक्त टायरविषयी लिहितो. ४० मिलिमीटर चालतील, पण ४५ बसत असतील तर तेच घ्यावेत. परदेशातील नदीकाठच्या रस्त्यांवर गोल, झिजलेले गोटे असतात आणि बहुतेक ग्रॅव्हल टायरांची चर्चा त्या रस्त्यांना धरून होते. आपल्याकडे रस्त्यावर पडते ती क्रशरमधून निघालेली काळ्या कातळाची खडी, आणि तिची प्रत्येक कड सुरीसारखी असते. त्यामुळे आपल्या भागात टायर तळातून कमी आणि बाजूच्या भिंतीतून अधिक फाटतो. माझा एक नवा टायर नव्याने खडीकरण केलेल्या रस्त्यावर तिसऱ्याच दिवशी बाजूने दोन बोटे चिरला. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरमधले भोके बुजवणारे द्रव भसाभसा बाहेर आले, भोकात घातलेला प्लग टिकला नाही, आणि शेवटी जुन्या टायरचा तुकडा आतून लावून वर ट्यूब घातली तेव्हा कोठे घरी पोहोचलो. तेव्हापासून तळहाताएवढा जुन्या टायरचा तुकडा आणि एक ट्यूब माझ्या पिशवीत कायम असते.

ट्यूबलेस मात्र हवेच, कारण कालव्याकडेच्या बाभळींचे काटे साध्या ट्यूबला किलोमीटरभरही जगू देणार नाहीत. पंच्याहत्तर किलोच्या माणसाने ४५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा ठेवावी, मागे किंचित जास्त. रोड सायकलवरून आलेल्यांना हा दाब फार कमी वाटतो आणि ते हवा भरत सुटतात, मग खडीवर सायकल उड्या मारते आणि मनगटे भरून येतात. बहिणीच्या सायकलला आधी एखाद्या जवळच्या मुरमाड रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पाहावे आणि तिला सोसवेल असा दाब ठरवावा.

सातारचा पाहुणा

आपण दोन दिवस म्हणता, म्हणून दुसऱ्या दिवसासाठी कोयनेचे खोरे सुचवावेसे वाटते. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तेथून लाँचने शिवसागर जलाशयातून तापोळा, आणि तापोळ्याहून महाबळेश्वर, हा मार्ग मी दोनदा केला आहे. लाँचच्या टपावर सायकली बांधून पाण्यातून जाण्याचा तो तास मला सगळ्या प्रवासात सर्वांत प्रिय आहे.

दोन गोष्टी आधी सांगतो. जलाशयाच्या पश्चिमेकडील जंगल कोयना अभयारण्यात आणि २०१० मध्ये जाहीर झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते, तेथे वनविभागाच्या परवानगीशिवाय सायकल नेण्याचा विचारही करू नये. आणि तापोळ्याहून महाबळेश्वरपर्यंत जवळजवळ ७०० मीटर चढावे लागते. आदल्या दिवशी जोर केले असेल तर हा चढ पायांना जड जाईल.

मुळाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. फेरीचा विचार सोडून दिला आहे. पहिल्या दिवशी जोर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्याचा रस्ता, असे ठरवतो. कोयनेसाठी स्वतंत्र तीन दिवस काढून पुन्हा येऊ, कारण लाँचचे वर्णन वाचून बहिणीने ते आत्ताच मागून घेतले आहे. वाईकरांना एकच शंका विचारतो: पुण्याहून वाईपर्यंत सायकलनेच यावे की गाडीने? आणि बहिणीची गती लक्षात घेता कालव्यावर किती अंतर पुरे होईल?

वाईकर

सायकली गाडीवर घालून या. खंबाटकी घाट आणि महामार्गाची अवजड वाहतूक यांत शक्ती घालवण्यात काही अर्थ नाही. सुरूर फाट्याला महामार्ग सोडला की वाई अगदी जवळ आहे. वाईत गाडी मुक्कामाच्या ठिकाणी ठेवा आणि दोन दिवस तिला हात लावू नका.

कालव्यावर अंतराचा हिशेब न धरता वेळेचा धरा. सकाळी सातला निघा, दीड तास पुढे जा आणि तेथून परत फिरा. कालव्याच्या रस्त्याची सोय अशी की कोठूनही मागे वळता येते, कोणत्याही पुलावरून गावात उतरता येते आणि तेथून डांबरी रस्त्याने वाईला येता येते. बहीण थकली तर तिला हाच मार्ग दाखवा. डिसेंबरऐवजी कधी फेब्रुवारी-मार्चमध्ये येणे झाले, तर याच रस्त्याच्या कडेला मोठ्या काहिलींमध्ये हळद शिजताना दिसेल. तो ओला, मातकट वास शेताशेतांतून येत असतो आणि शिजवणारे लोक थांबलेल्या माणसाला आवर्जून चहा देतात. फक्त बावधन गावच्या बगाडाच्या जत्रेचा दिवस, म्हणजे रंगपंचमी, टाळा. त्या दिवशी वाईच्या आसपासचे सगळे रस्ते माणसांनी भरलेले असतात. तसेच पौष पौर्णिमेच्या सुमारास मांढरदेवीच्या यात्रेमुळे मांढरदेवीच्या घाटाकडे फिरकू नका.

निघण्याच्या आदल्या दिवशी येथे लिहा. आवर्तन सुटले आहे की नाही ते मी कालव्यावर जाऊन पाहून कळवतो.