ख्रिस्ती घरांनी मुलांना घरीच शिकवावं का? पुण्यातल्या पालकांसाठी थोडं धीराचं, थोडं कागदपत्रांचं

घरचा_फळा (वडगाव शेरी)

जय ख्रिस्त मंडळी. आमच्या चर्चमधली काही तरुण जोडपी हल्ली एकच विचारतात, "ताई, मुलांना शाळेतून काढून घरी शिकवू का?" दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे लिहिते. माझी दोन्ही मुलं घरी शिकतात. माझं मत: जमतं, घाबरू नका. पण दार लावून घेऊन शिकवणार असाल तर नका करू.

आधी कागद, कारण आपली माणसं प्रार्थना करतात आणि कागद विसरतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्याचा उल्लेखच नाही. परवानगी नाही आणि स्पष्ट बंदीही नाही. कलम 10 प्रमाणे 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, पण ते न केल्यास पालकाला शिक्षा काय, हे कायद्यात लिहिलेलं नाही. तेव्हा "बिनधास्त करा" असं मी म्हणणार नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारात आले तर हुज्जत घालू नका. पाणी विचारा आणि मुलाच्या वह्या समोर ठेवा. तारीख घातलेल्या वह्या. मी प्रत्येक पानावर तारीख घालते ती यासाठीच.

दहावीची वाट म्हणजे एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. 14 वर्षं पूर्ण लागतात, विषय पाच, मराठी माध्यमही आहे, परीक्षा वर्षातून दोनदा: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. राज्य मंडळाचा 17 नंबर फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणूनही बसता येतं.

आता रोजचं. सकाळी कौटुंबिक उपासना: एक स्तोत्र, 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं एक गीत, प्रार्थना. पंधरा मिनिटांत आटपा, लांबवलंत तर मुलं चुळबुळतात. मग गणित आणि भाषा. लहानग्यांना एका विषयाला वीस मिनिटं पुष्कळ. शार्लट मेसन (1842–1923) या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती शिक्षिकेचा भर यावरच होता: धडा छोटा, ऐकून झालं की मुलाने ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं आणि रोज बाहेर हिंडायचं. परवा धाकट्याला बायबलमधली दावीद-गल्याथाची गोष्ट वाचून दाखवली, पोरगा गोफणीने धिप्पाड योद्ध्याला पाडतो ती. गोफण, ओढ्यातले गुळगुळीत गोटे, सगळं सांगितलं त्याने नीट, आणि मग मलाच विचारतो, "एका गल्याथाला पाच गोटे कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, त्याच्या बाबांकडेही नव्हतं. त्या दिवशीचा भाषेचा तास त्यातच गेला, आणि चांगला गेला.

पुस्तकं? बालभारती. सेनापती बापट रस्त्यावर ऑफिस आहे आणि पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. अमेरिकेहून महागडा ख्रिस्ती अभ्यासक्रम मागवायची गरज नाही. अमेरिकेत प्लिमथला उतरलेल्या इंग्रज यात्रेकरूंचा इतिहास आपल्या पोरांना पाठ आणि चौथीतले शिवाजी महाराज माहीत नाहीत, असलं ध्यान तयार करू नका.

---

निवृत्त_मास्तर

ताई, तुमची कळकळ समजते, पण मला हे साफ नामंजूर आहे. मराठी ख्रिस्ती समाज उभा राहिला तो शाळांवर. जोतिराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरारबाईंनी मुलींना शिकवलं, सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण तिथलंच. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी झाली. ज्या समाजाने दुसऱ्यांच्या पोरांसाठी शाळा काढल्या, त्यानेच आपली पोरं शाळेतून काढायची?

दुसरा मुद्दा रोखठोक. आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांची मुळं दलित समाजात आहेत. धर्मांतरित ख्रिस्ती म्हणून महाराष्ट्रात इतर मागासवर्गात सवलत मिळते, आणि ती मिळवायला जातीच्या दाखल्याच्या फायलीत सगळ्यात आधी काय मागतात? शाळा सोडल्याचा दाखला. बापाचा, आजोबाचा आणि मुलाचा. तुम्ही ती साखळीच तोडताय. वह्यांवर तारखा घालून तहसील कचेरीत काम होत नसतं.

---

घरचा_फळा

सर, दाखल्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. म्हणूनच ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांना मी सांगते: पहिली-दुसरीपर्यंत तरी शाळेत घाला, रजिस्टरमध्ये नोंद होऊ द्या, दाखला हातात घ्या आणि मग काढा. 17 नंबरच्या फॉर्मलाही शाळेचा दाखला मागतात, त्याला कितवीपर्यंतचा चालतो ते मंडळात विचारून घ्या. वाडवडिलांचे दाखले आत्ताच काढून ठेवा, जुन्या शाळांची रजिस्टरं वाळवी खाते.

शाळांच्या वारशाबद्दल मात्र एक नाव घेते. पंडिता रमाबाई. लहानपणी शाळेची पायरी चढल्या नाहीत. आईवडिलांनी संस्कृत शिकवलं, तेही तीर्थयात्रा करत गावोगाव हिंडताना. आणि त्याच बाईंनी पुढे हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं.

---

निवृत्त_मास्तर

रमाबाई घरी शिकल्या कारण त्या काळी ब्राह्मणाच्या मुलीला संस्कृत शिकवणारी शाळाच नव्हती. स्वतःच्या हाती आल्यावर त्यांनी काय केलं? 1889 साली मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, मग केडगावला मुक्ती मिशन. "पोरींनो, घरी बसा" असं नाही सांगितलं. तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

---

कोथरूडचा_नास्तिक

रमाबाईंचं निघालंच आहे तर पुढचंही सांगा. 1893 साली रानडे, भांडारकर वगैरे मंडळींनी शारदा सदनाच्या सल्लागार समितीतून अंग काढून घेतलं, ते मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून. म्हणजे "शिक्षण की धर्मशिक्षण" हा वाद या गावात सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

माझा थेट प्रश्न. दहावीच्या विज्ञान भाग 2 चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. तो घरी शिकवणार की पानं चिकटवणार? श्रद्धेसाठी मूल घरी ठेवलं की हे होणारच. कुठल्याही धर्माचं मूल असो, त्याला घराबाहेरचं, घराला न पटणारं काहीतरी कानावर पडायला हवं. शाळेचा उपयोग तोच. गणित काय, यूट्यूबवरही येतं.

---

घरचा_फळा

शिकवते. पानं चिकटवत नाही. त्या धड्यातला, आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल ख्रिस्ती मठातला साधू होता, हे सांगूनच सुरुवात करते. आमच्यात यावर एकमत नाही हे खरं. बायबलमधल्या उत्पत्तीचे सहा दिवस अक्षरशः सहा दिवस मानणारी घरं आहेत, मी तशी नाही. पण तशा घरांनाही माझा सल्ला हाच: धडा पूर्ण शिकवा, पेपरात उत्तर धड्यातलंच लिहायला लावा आणि तुमचं मत जेवताना सांगा. मुलापासून लपवलेली गोष्ट त्याला बाहेर कळतेच, आणि मग तो तुमच्या बाकीच्या गोष्टींवरही संशय घेतो.

---

चिंचवडची_आई

मी घरी शिकवून पाहिलं आणि मुलीला परत शाळेत घातलं. मुलगी उलट छान शिकत होती. थकले मी. चर्चचे पाळक साहेब म्हणाले, "नियमशास्त्रात लिहिलंय, घरी बसताना, वाटेने चालताना मुलांच्या मनावर बिंबवा." ते बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायातलं. लिहिलंय खरं, पण तिथे ते आईला एकटीला सांगितलेलं नाही ना? आमच्याकडे बाबा सकाळी आठला हिंजवडीच्या बसमध्ये, सासूबाईंचं पथ्यपाणी, आणि वर गणित, भूगोल, शास्त्रपाठ सगळं माझ्या अंगावर. नोकरी सोडली ती मीच. घरशिक्षणाची भलामण करणाऱ्या लेखात कुठे बाप भागाकार शिकवताना दिसतो का हो? रविवारी चर्चमध्ये कौतुक व्हायचं, सोमवारी मदतीला कुत्रं फिरकायचं नाही.

ज्यांना परत फिरायचंय त्यांच्यासाठी: कायद्याचं कलम 4 वाचा. सहा वर्षांवरच्या, शाळेत नसलेल्या मुलाला वयानुसार वर्ग मिळतो. आम्हाला एका शाळेने "मधली वर्षं कुठे होती?" करून तंगवलं, दुसऱ्या शाळेने मुकाट्याने घेतलं.

---

दोन_पोरांचा_बाप (हडपसर)

ताईंचं खरंय, बाप लोकांनी मनावर घ्यायला हवं. मी शिफ्टमध्ये काम करतो, पहिली पाळी असली की दुपारी चारनंतर विज्ञान माझ्याकडे. आमच्याकडे असं वाटून घेतलंय म्हणूनच चाललंय, नाहीतर केव्हाच बंद पडलं असतं.

आम्ही का काढलं तेही सांगतो, कारण सगळे धरून चालतात की धर्मासाठी. थोरल्याला अक्षरं उलटीसुलटी दिसतात. साठ पोरांच्या वर्गात बाईंनी तरी काय करायचं? तो "ढ" ठरला. घरी दोन पानं तासभर वाचतो, पण वाचतो. प्रार्थना आमच्याकडे आधीही व्हायची, शाळा असतानाही. श्रद्धेसाठी शाळा सोडायला लागते असं मला तरी वाटत नाही.

---

कॅम्पवाली

नुसती मतं चालली आहेत, थोडं कामाचं लिहिते. मुलं एकलकोंडी होतात हा आक्षेप खरा आहे, पण पुण्यात त्यावर इलाज आहे.

आठवड्यातला एक दिवस पूर्ण बाहेरचा ठेवा. एम्प्रेस गार्डनमधली झाडं, पाषाण तलावाचे पक्षी, केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते. अडकित्ते बघून मुलं तासभर हलत नाहीत. आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतल्या कचऱ्यातून केलेल्या खेळण्यांची माहिती नेटवर मराठीतही आहे. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, झाली भूमिती. जुने 'किशोर'चे अंक मिळवा.

आणि माझा हट्ट: गट फक्त चर्चच्या मुलांचा करू नका. संडे स्कूलला तीच, गटाला तीच, वाढदिवसाला तीच, मग जगात दुसरी माणसं राहतात हे मुलाला कळणार केव्हा? आमच्या गटात गणपतीला मोदक येतात, नाताळला आम्ही करंज्या नेतो. एका पालकांना ते खटकलं, ते सोडून गेले. जाऊ देत. प्रभू येशू बारा वर्षांचा असताना मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसून प्रश्न विचारत होता. घरात बसवून नव्हता ठेवला.

---

कोथरूडचा_नास्तिक

कॅम्पवालींसारखं सगळे करत असतील तर माझा आक्षेप निम्मा गळतो. उरलेला निम्मा असा की तसं करायची सक्ती कुणावरच नाही. जे दार लावून घेतात त्यांच्या मुलाला विचारणारं कोण? शाळेत निदान एखादी बाई तरी त्याच्याकडे बघते. मार खाल्लेला असो, उपाशी असो, कुणाच्या तरी लक्षात येतं.

---

घरचा_फळा

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आमच्यापुरतं सांगते. वर्षातून दोनदा बाहेरच्या माणसाकडून मुलांची तोंडी परीक्षा घेते. गेल्या खेपेला शेजारच्या निवृत्त बाईंनी घेतली. त्या ख्रिस्ती नाहीत, आणि अपूर्णांकात दोघांनाही धुतलं त्यांनी. मात्र सरकारने तपासणी ठेवली तर माझा विरोध नसेल. इथली पुष्कळ मंडळी यावरून माझ्यावर रागावतील.

---

दोन_पोरांचा_बाप (हडपसर)

मी रागावतो. आज तपासणी, उद्या "बायबल का शिकवता" विचारतील. हल्लीचं वातावरण बघताय ना?

---

निवृत्त_मास्तर

वातावरण बघूनच म्हणतो, पोरं चारचौघांत दिसू द्यात. अपूर्णांक मात्र गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे पाठवा, फी नाही. मत बदललेलं नाही.

---

नवीन_सभासद_लोहगाव

सगळं वाचलं. मुलगी नववीच्या वयाची आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते. मुक्त विद्यालयातून केलं तर NEET, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, देता येते का?

---

कॅम्पवाली

देता येते. त्यावरून बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या, पण आता मान्यताप्राप्त मुक्त मंडळाची मुलं बसू शकतात. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवंच. अडचण प्रॅक्टिकलची येते. अभ्यास केंद्र निवडताना तिथे प्रयोगशाळा खरंच चालू आहे का, हे स्वतः जाऊन बघा, नुसत्या यादीवर विसंबू नका. लोहगावहून रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं तर पोरीचा अर्धा दिवस बसमध्येच जाईल.