खक्करांच्या चित्रातला बाल्कनीतला माणूस उदास आहे का?

सुमेधा, दांडिया बाजार
फाइन आर्ट्‌सला शिकणाऱ्या भाचीने भूपेन खक्करांचं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ (१९८१) मोबाइलवर दाखवलं. बाल्कनीत एक विवस्त्र माणूस आपल्याकडे पाठ करून उभा. खाली गावात बाप, मुलगा आणि गाढव, आजी सांगायची तीच गोष्ट. भाची म्हणते, हे मुक्तीचं चित्र. माझ्या तर पोटात कालवलं. त्या उघडेपणाचा अर्थ काय लावायचा?

रावपुरेकर
ताई, जग पायी चालू देत नाही आणि घोड्यावरही बसू देत नाही. गोष्टीचा अर्थ तेवढाच.

जुना चित्रकला शिक्षक
गोष्टीचा तेवढा असेल, चित्राचा नाही. सुमेधाताई, प्रतीकाचा अर्थ शोधण्याआधी आकार बघा. बाल्कनीतला माणूस जवळजवळ खऱ्या माणसाएवढा, आणि बाप-लेक चिमुकले. तेही एकदाच येत नाहीत, आपल्या लघुचित्रांसारखे त्याच चित्रात पुन्हा पुन्हा भेटतात. म्हणजे लोकांची बोलणी थांबतच नाहीत. हा वरून सगळं बघतो, पण त्या वाटेला जात नाही.

खक्कर मुंबईचे, १९६२ मध्ये बडोद्याला आले. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. हिशेबाची नोकरी सांभाळून चित्रं काढायचे. १९७९ मध्ये इंग्लंडला जाऊन आले, तिथे समलैंगिक माणसं उघडपणे जगताना पाहिली. त्यानंतर दोन वर्षांनी हे चित्र आलं. तो माणूस ते स्वतःच आहेत असं मानतात. कपडे नसणं म्हणजे लपवणं संपणं, इथवर भाचीचं बरोबर. पण त्याचं तोंड गावाकडे आहे. तो उघडा झालाय तो त्याच लोकांसमोर, ज्यांच्यात उद्याही राहायचंय. केवढी छाती लागली असेल! आणि म्हणूनच तुमच्या पोटात कालवलं तेही खरं. गोष्टीत लोकांचं ऐकता ऐकता गाढव जीव गमावतं, हे त्याला ठाऊक आहे. मला तरी मुक्ती आणि एकटेपण त्या एकाच पाठीत दिसतात, वेगळे काढता येत नाहीत.

सुमेधा, दांडिया बाजार
सर, मोबाइलवर तो एवढा मोठा वाटलाच नाही हो.

जुना चित्रकला शिक्षक
मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे, साधारण पावणेदोन मीटर लांबरुंद. भाचीला भिंतीवर खडूने तेवढा चौकोन आखायला सांगा आणि त्यासमोर उभ्या राहा. मग काय वाटतं ते इथे जरूर लिहा.